सरळ जा, खड्डा बुजवलाय

आई,

मी हल्ली रस्ते बंद करायचं काम करते. तुला हसू येईल, पण खरंच. पुण्यात आता जमिनीखालून मेट्रो चालली आहे, आणि जुन्या पेठांत जिथं तिचं स्टेशन होणार तिथं वरचा रस्ता खोदावा लागतो. खोदण्याआधी माणसाच्या डोक्यावर जातील एवढे उंच पत्रे चारी बाजूंनी उभे करतात. ते पत्रे कधी सरकणार, कुठली गल्ली किती दिवस बंद राहणार, दुकानात जायचं कुठून, शाळेची रिक्षा थांबणार कुठं, हे घरोघर जाऊन सांगायचं, ही माझी नोकरी. हातात नोटिशींचा गठ्ठा आणि अंगात पिवळं जाकीट. लोक रागावतात. कुणाच्या भिंतीला चीर गेलेली असते, कुणाच्या दारातून म्हातारीची चाकाची खुर्ची बाहेर निघत नाही. मी ऐकून घेते, वहीत लिहिते आणि साइटवरच्या इंजिनिअरला सांगते. तिथं मी शहरातल्यासारखं बोलते. व्हतं, न्हाई, लई गेलं; आता होतं, नाही, खूप. तीस वर्षांत जीभ वळली आहे.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आमच्या पत्र्याच्या ऑफिसात आले. सत्तरीचे, अंगानं किडकिडीत, हातात पांढरी काठी. कपाळावर भुवईच्या वर ताजी जखम. त्याच गल्लीत एका खोलीत राहतात, वेताच्या खुर्च्या विणतात. पूर्वी सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या विणायचे, आता कुणी जुनी आरामखुर्ची आणून दिली तर तेवढीच. जन्मापासून दिसत नाही. आदल्या दिवशी आम्ही पत्रे चार हात पुढं घेतले होते, आणि रोजच्या हिशेबानं चहाला निघालेले ते एका बाहेर आलेल्या लोखंडी पट्टीवर आदळले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. खुर्चीच्या पाठीवर हात फिरवून ती कशाची आहे ते आधी बघितलं आणि मग बसले. म्हणाले, "बाई, तुमी कागूद वाटता सगळ्यांना. मलाबी दिला. मी त्याचं काय करू?"

मी म्हटलं, "काका, चुकलं आमचं. मला सांगायला यायला हवं व्हतं."

ते एकदम थांबले. मान तिरकी केली, तू करायचीस तशी, कान पुढं करून. "जुन्नरच्या का ओ तुमी?" मी हो म्हटलं. "मी घोडेगावचा. एवढ्या दिसांनी व्हतं ऐकलं बघा हितं." आणि कपाळावर जखम असलेला तो माणूस माझ्यासमोर हसत बसला. आई, त्या दिवसापासून तू माझ्या डोक्यातून गेलेली नाहीस. तशी कधीच गेली नव्हतीस, पण आता तू रोज सकाळी निघतेस. पदर खोचून, डब्याची पिशवी डाव्या हातात घेऊन, आपल्या बोळातून बाजारपेठेच्या तोंडाशी येतेस, आणि तिथं पाऊल टाकायच्या आधी क्षणभर थांबतेस.

मी पाचवीत असेन तेव्हा तुझं दिसणं कमी व्हायला लागलं होतं. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग समोरचंही वाटीएवढंच दिसायला लागलं. मी नववीत गेले तोवर तुला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेलाय, त्याला इलाज नाही. अप्पा एसटीच्या डेपोत पाळीवर, दादा शिकायला पुण्यात. घरात खरं सगळं मलाच माहीत होतं. आणि तू मला बजावलं होतंस की हे कुणाला कळता कामा नये, कारण तुझं वसतिगृहातलं काम जाईल.

त्या वसतिगृहात डोंगराकडच्या मुली राहायच्या. तळेघर आणि त्याच्याही वरच्या वाड्यांमधल्या. तू स्वतः तळेघरची. भातखाचरांच्या बांधावरून अनवाणी धावत मोठी झालेली, त्यामुळे मुली तुला मावशी म्हणायच्या ते उगीच नव्हे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी तिथं यायची. ते स्वयंपाकघर मला आज पुण्यात, पत्र्याच्या ऑफिसात बसल्या बसल्या दिसतं. काळं छप्पर, दोन मोठ्या चुली, कोपऱ्यात नाचणीच्या पिठाचे डबे. तू पाटावर बसलेली आहेस. परातीतला गोळा उचलतेस, थापतेस, तव्यावर टाकतेस, आणि तुझे डोळे भलतीकडेच, खिडकीकडे. भाकरी उलटायची वेळ तुला वासावरून कळते. फुगली की म्हणतेस, "ऐक, श्वास सोडला तिनं." मीठ कुठं, तिखट कुठं, पळी कुठल्या खिळ्याला, सगळं बोटांना पाठ. एखादी मुलगी दारात नुसती उभी राहिली तरी तू विचारायचीस, "का गं, आज जेवली न्हाईस नीट?" पावलावरून ओळखायचीस तू त्यांना. रेक्टरबाईंना वाटायचं तुझी नजर जरा कमजोर आहे, एवढंच.

आणि बाजारपेठ. ती तुला स्वयंपाकघरासारखीच पाठ होती. तांबटाची ठोकठोक, मग वाण्याच्या दुकानातला गुळाचा वास, मग शाळेच्या कुंपणाची सावली. वाण्याचं दुकान म्हणजे शेटजींचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेटजी बोलायचे आपल्यासारखंच. तुला दिसत नाही हे त्यांनी कधी ओळखलं कोण जाणे, त्यांनी ते तोंडातून काढलं नाही. रोज तू आलीस की पायरीवरच्या त्याच जागेवरून म्हणायचे, "या अक्का. आज गोणी भायेर हाय, जरा डावीकडनं." गोणी बाहेर नसली तर म्हणायचे, "या अक्का, ऊन लई हाय." तुला तेवढं पुरायचं. तिथून पंचवीस पावलं मोजली की वळण.

मी नववीत असताना त्या पेठेत पाण्याची नवी लाइन टाकायला घेतली. आधी एका टोकाला खणायला लागले, मग खड्डा रोज थोडा थोडा पुढं सरकू लागला. आज तांबटापाशी, परवा शेटजींच्या अलीकडं. मातीचे ढीग, पाइप आडवे टाकलेले, दुकानांवर चढायला फळ्या. येणारेजाणारे शिव्या देत उड्या मारून जायचे. तुझं पाठ असलेलं सगळं दोन दिवसांत पुसलं गेलं. तांबटानं दुकान बंद ठेवलं, त्यामुळे ठोकठोकही गेली. पहिल्या दिवशी तू बोळाच्या तोंडाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मला काय कळंना गं." तुझ्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली.

मग मी तुला सोडायला यायला लागले. पहिल्या सकाळी मी तुझं मनगट धरलं आणि ओढत नेलं, कारण मला शाळेची घाई होती. तू मध्येच थांबलीस. "मला वढू नगं. म्हैस हाय का मी? तू म्होरं चाल, मी तुझा खांदा धरते. तू खाली उतरलीस की मला आपोआप कळंल." तू माझ्यावर रागावलीस अशी ती मला आठवते तेवढी एकच वेळ. मग तशाच गेलो आपण. मी पुढं, तू मागं, तुझा हात माझ्या खांद्यावर, जड नाही, नुसता ठेवलेला. तुझ्या हाताला कांद्याचा आणि राखेचा वास. वाटेत तू विचारायचीस, "खड्डा कुठवर आला?" मी सांगायची. चार दिवस, आठ दिवस. वर्गातल्या मुली बघतात म्हणून मला लाज वाटायची का? थोडी वाटायची. पण मी तुला सोडायला यायचं टाळलं, त्याचं खरं कारण ते नव्हतं. शाळेत स्नेहसंमेलन जवळ आलं होतं आणि मला नाचात पहिल्या रांगेत घेतलं होतं. सराव सकाळी शाळेच्या आधी. जी उशिरा येईल ती मागच्या रांगेत, असं बाईंनी सांगितलं होतं.

एका सरावाच्या आदल्या संध्याकाळी तू लसूण सोलत होतीस. मी म्हटलं, "आई, शेटजींच्या दुकानापाशी खड्डा बुजवलाय. उद्या तू सरळ जा."

तू विचारलंस, "बगितलंस का तू?"

मी म्हटलं, "हो."

मी बघितलं नव्हतं. दुपारी एका मैत्रिणीनं सांगितलं होतं की माती लोटायला लागलेत, तेवढ्यावर मी बोलले. मला वाटलं, लोटायला लागले म्हणजे संध्याकाळपर्यंत होईलच. खरं तर तेवढाही विचार केला नव्हता. मला पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाचत असताना शाळेचा शिपाई आला आणि त्यानं मला हाक मारली. मी पळत गेले. तू शेटजींच्या पायरीवर बसली होतीस, अंगभर ओली माती, उजवा हात मांडीवर उचलून धरलेला, मनगट भलत्याच आकाराचं. खोदणाऱ्या दोघांनी तुला वर काढलं होतं. शेटजी त्या सकाळी देवळात गेले होते, दुकान उघडायला उशीर झाला होता, म्हणून पायरीवरून हाक आली नव्हती. ते तांब्यातून तुला पाणी पाजत होते आणि सारखं म्हणत होते, "मी नव्हतो अक्का, आजच नव्हतो." वसतिगृहातल्या दोन मुली शाळेचा रस्ता सोडून रडत उभ्या. माझ्या पायातले घुंगरू ऐकून तू मान वळवलीस. म्हणालीस, "झाला का तुझा नाच?"

विचारणाऱ्या प्रत्येकाला तू एकच सांगितलंस, पाय सरकला, माझंच ध्यान नव्हतं. अप्पांना तेच, दादा आला तेव्हा त्यालाही तेच. मी तिथंच उभी असायची.

आठवड्यानं रेक्टरबाई तुला बघायला आल्या. तू हट्टानं चहा केलास. पण प्लास्टरमधला उजवा हात कामाचा नव्हता, आणि एका हातानं कपही चाचपायचा आणि ओतायचंही, ते जमेना. चहा बशीत गेला, बशीतून जमिनीवर. तू ओततच राहिलीस. रेक्टरबाई कपाकडे बघत होत्या, मग तुझ्याकडे. खूप हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, किती दिवस झाले हे?"

तू भांडं खाली ठेवलंस. "नीट दिसंना त्याला पाच वर्सं झाली आसतील."

"पाच वर्षं तुम्ही उकळत्या आमटीपाशी, चुलीपाशी... आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"पोरी उपाशी राहिल्या का बाई एक दिस तरी? कच्चं वाढलं का मी कधी?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं कधीच झालं नाही." आणि रडल्या. वाईट नव्हत्या त्या. पण साठ मुली आणि दोन पेटत्या चुली त्यांच्या भरवशावर होत्या, आणि आता त्यांना कळलं होतं. तुझं काम त्या दिवशी गेलं.

पुढं नऊ वर्षं तू होतीस. हात बरा झाला, जरासा वाकडा राहिला. घरातलं सगळं तू करायचीस, पण तीन-चार माणसांचा स्वयंपाक तुला कुठं पुरणार? दुपारी चारच्या सुमारास तू उंबऱ्यात येऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "आता मुलींचं पीठ मळायची येळ झाली." पहिली एक-दोन वर्षं मुली रविवारी यायच्या, तुझ्याभोवती बसायच्या, गावाकडची भातलावणी, कुणाचं लग्न, काय काय सांगायच्या. मग त्या दहावी होऊन गेल्या. नव्या मुलींना तू माहीत नव्हतीस. नंतर पेठ पुन्हा नीट झाली, रस्ता सपाट झाला, तरी तू एकटी पेठेत गेली नाहीस. मी सोबत येते म्हटलं तर म्हणायचीस, "कशाला? माझं काय काम हाय तिकडं?" त्या खड्ड्याबद्दल तू मला एकदाही विचारलं नाहीस. मी कितीदा ठरवलं, आज सांगायचं. तुझ्याजवळ बसायची आणि शाळेचं, मग कॉलेजचं, मग नोकरीचं काहीतरी सांगून उठायची. मी तेवीस वर्षांची असताना तू गेलीस. तुला माहीत होतं हे मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि मी तोंडानं सांगणं वेगळं.

त्या खुर्च्या विणणाऱ्या काकांकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. म्हटलं, "चला, नवी वाट दाखवते." त्यांचा हात धरला नाही. पुढं झाले आणि खांदा दिला. दोन पावलं चालून ते म्हणाले, "कुणी शिकवलं ओ हे? समदे हात धरून वढत्यात." मी म्हटलं, "आईनं."

तेव्हापासून पत्रे सरकले की त्याच सकाळी मी त्यांच्या दारात. पण पुढं पुढं काम वाढलं. गल्लीचा अर्धा भाग पूर्ण बंद होणार होता, पत्रे आणि घरांमध्ये जेमतेम दोन माणसांची वाट उरणार होती, आणि तीही महिन्यातून दोनदा बदलणार. ऑफिसातून ठरलं की काकांना तेवढ्या काळापुरतं दुसरीकडे खोली बघून द्यावी. मी सांगायला गेले. ते विणता विणता ऐकत होते. म्हणाले, "खोली द्याल. पन तिथं मला कोण वळखतंय? हितं चहावाला माझा आवाज आला की कप भरतो. तिथं मी नव्यानं आंधळा व्हनार." मला तू उंबऱ्यात बसलेली दिसलीस.

मी इंजिनिअरपाशी गेले. तिशीतला मुलगा आहे, स्वभावानं चांगला, पण कामाच्या ओझ्यानं वैतागलेला. मी म्हटलं, पत्र्याला घरांकडच्या अंगानं दोरी बांधू, दारापासून चहाच्या टपरीपर्यंत. पत्रे सरकले की दोरीही सरकेल. तो म्हणाला, "मॅडम, एका माणसासाठी?" मी म्हटलं, "हो, एका माणसासाठी." माझा आवाज एवढा चढला की बाहेरचे कामगार आत डोकावले. त्यानं नायलॉनची दोरी मागवली. बांधलीही स्वतःच. काकांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, "उंच मानसानं बांधलीया." इंजिनिअर हसला, सगळ्या गाठी सोडल्या आणि कमरेएवढी खाली घेतली. बाहेर आलेल्या पट्ट्यांना त्यानं रबर गुंडाळलं. ते मी सांगितलंही नव्हतं.

दहा महिने ती दोरी होती. दोनदा कुणीतरी कापून नेली, दोनदा आम्ही परत बांधली. काका रोज तिला धरून चहाला गेले. नंतर नंतर गल्लीतल्या म्हाताऱ्याही चिखलात तिलाच धरून चालायला लागल्या. आता पत्रे निघालेत, रस्ता मोकळा झालाय, नवीन फरशी, नवीन उंचवटे. काका म्हणाले, आता हे पुन्हा नव्यानं पाठ करायचं. करतायत. पहिले तीन दिवस मी गेले, चौथ्या दिवशी म्हणाले, "आता तुमी नगा येऊ, मला माझ्या पायानं कळू द्या." परत येताना मी नव्या फुटपाथवर पिवळं जाकीट घालून उभ्या उभ्या रडले. कशासाठी ते नीट सांगता येत नाही. एवढी साधी दोरी. आपल्या पेठेत कुणालाही बांधता आली असती. शेटजींना सांगितलं असतं तर त्यांनी पोत्याच्या सुतळीची बांधली असती. पण त्यासाठी मला कुणाला तरी सांगावं लागलं असतं की माझ्या आईला दिसत नाही आणि मला सकाळी वेळ नाही.

म्हणून यंदा सुट्टी काढून जुन्नरला आले. दादाकडे उतरले आहे. मनात होतं, एवढ्या वर्षांनी त्याला सगळं सांगायचं. अप्पा तर केव्हाच गेले. आज दुपारी सगळे जेवायला बसले होते, भाकऱ्या मी करत होते. दादाच्या मुलीनं भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत विचारलं, "बाबा, आजीचा हात असा वाकडा का आहे?"

दादा म्हणाला, "पडली होती पेठेत, खड्ड्यात. दिसत नव्हतं तरी एकटी जायची. हट्टी होती लई, कुणाचं ऐकायची नाही."

पोरगी माझ्याकडे वळली. "आत्या, तू होतीस तेव्हा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तव्यावरची भाकरी उलटायला आली होती.

मी म्हटलं, "मी शाळेत होते."

हे पत्र कुठं टाकायचं नसतं हे मला कळतं, आई. दादाच्या हाती लागू नये म्हणून ते मी पिशवीत, नोटिशींच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे.